मिस्त्रीची बोटं मोजलीत का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी ४९ वर्षांचा, मुंबईत बँकेत नोकरी. चार वर्षांपूर्वी दोन मित्रांबरोबर भागीत २६ फुटांची जुनी शिडाची बोट घेतली. आत एका सिलिंडरचं, ९ हॉर्सपॉवरचं जुनं यानमार डिझेल इंजिन आहे. मार्चमध्ये मांडव्याहून परतताना वारा पडला. इंजिन सुरू केलं, तर वीसेक मिनिटांत गरम झाल्याचा भोंगा वाजला. शेवटी मासेमारीच्या एका बोटीने आम्हाला ओढत आणलं. मिस्त्री म्हणाला, ‘खोलावं लागेल.’ मित्र म्हणाले, ‘देऊन टाक त्याला.’ मी ठरवलं, आपणच करायचं.

जूनमध्ये बोट खाडीकाठच्या यार्डात वर काढली. व्हिडिओ बघून, पान्यांचा मोठा संच घेऊन दोन रविवारी संध्याकाळी, सगळे गेल्यावर, कामाला बसलो. पहिल्या रविवारी एक्झॉस्टजवळच्या नटावरून १२-१३चा पाना निसटला आणि बोटाच्या पेरावर तीन टाके पडले. दुसऱ्या रविवारी बॅटरीचा पॉझिटिव्ह सोडवताना पाना इंजिनाला टेकला, मोठी ठिणगी उडाली, तर्जनीतल्या अंगठीखाली भाजलं. बायकोला टाक्यांचं कारण ‘गाडीचं दार’ असं सांगितलंय. भाजलेलं दाखवलेलंच नाही. बोटीवर परत काही झालं तर बोट विकायची, असं ती मार्चमध्येच म्हणाली होती.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणी पाना धरलेला नाही. तो मिस्त्री अनवाणी, उघड्या हातांनी तीस वर्षं हेच करतोय, त्याला काही होत नाही. मग माझ्या हातातच नाही का हे? पुढच्या रविवारी एअर, म्हणजे डिझेलच्या नळ्यांत अडकलेली हवा, काढायचा विचार आहे. व्हिडिओतला माणूस नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या) तोंडापुढे बोट धरून फवारा तपासतो, ते जमेलसं वाटतं. करू की देऊ? आणि अंगठी पुष्कराजाची आहे, काढणार नाही असं आईला वचन दिलंय.

---

नमस्कार,

आधी तातडीचं सांगतो, मग निवांत बोलू. नोझलच्या तोंडापुढे बोट धरायचं नाही. पुढच्या रविवारीही नाही, कधीच नाही. तुमच्या गाडीच्या चाकात जी हवा असते, तिच्या साठ-सत्तर पट दाबाने त्या बारीक भोकातून डिझेल सुटतं. तो फवारा कातडीवर पडून थांबत नाही, कातडीतून आत जातो. वरून दिसतं काय, तर सुई टोचल्यासारखा ठिपका. पहिला तास-दोन तास फार दुखतही नाही, म्हणून माणूस हात पुसून पुढे कामाला लागतो. आत मात्र डिझेल बोटाच्या शिरांच्या कडेने तळव्याकडे सरकत असतं आणि वाटेतलं मांस मरत जातं. अशी बोटं कापावी लागलेली आहेत. तुम्हाला किंवा हे वाचणाऱ्या कोणाला कधी असं झालंच, तर घरी हळद लावून बसू नका. मोठ्या रुग्णालयात, जिथे हाताची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर असतील तिथे, त्याच तासात जा आणि दारातच सांगा, ‘डिझेल दाबाने आत गेलंय.’ ठिपका बघून घरी पाठवायला लागले तरी हटू नका.

फवारा बघायचाच असेल तर नोझल काढून शहरातल्या पंप-नोझलवाल्याकडे न्या. त्याच्याकडे त्याचं यंत्र असतं, दाबही मोजून मिळतो. एअर काढायला फवारा बघावा लागतच नाही. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे जाईपर्यंत हातपंप मारायचा, मग इंजिनाच्या पंपावरचा स्क्रू, आणि शेवटी नोझलला येणाऱ्या नळीचा नट एखादा आटा सैल करून इंजिन फिरवायचं. तिथे चिंधी गुंडाळायची, डोळ्याला चष्मा आणि तोंड बाजूला. डिझेल नुसतं झिरपायला लागलं की नट आवळा, झालं.

आता निवांत.

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचताना इंजिनच दिसलं. माझाही जन्म त्यातच गेला आहे, सव्वीस वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये. दुसऱ्यांदा वाचताना मात्र तुमचे तीन शब्द अडकले: ‘संध्याकाळी, सगळे गेल्यावर’. तुम्ही विचारताय, करू की देऊ. दोन्ही वेळा लागलं तेव्हा अडचण करण्याची नव्हतीच हो. उजेड जात होता, घरी वेळेवर पोचायचं होतं, आणि आपल्याला येत नाही हे यार्डातल्या पोरांनी बघू नये म्हणून तुम्ही ती वेळ निवडली होतीत. चुकत असेन तर कळवा. पण मीही कॅडेट असताना रात्रपाळीतच धाडस करायचो, म्हणून ओळखीचं वाटलं.

पान्याचं बघू. ‘माझ्या हातात नाही’ हा निकाल तुम्ही ज्या पुराव्यावर दिलाय, तो पुरावाच तपासण्यासारखा आहे. आपल्याकडे दोन तोंडांच्या पान्यांच्या जोड्या ठरलेल्या असतात: १०-११, १२-१३, १४-१५. तुमचं इंजिन जपानी. जपानी इंजिनावर ८ मिलिमीटरच्या बोल्टचं डोकं बहुधा १२चं असतं, आणि आपल्या बाजारात तोच बोल्ट १३च्या डोक्याचा मिळतो. आधीच्या मालकाने कधी बोल्ट हरवून हार्डवेअरच्या दुकानातून दोन आणून घातले असतील, तर तुमच्या एक्झॉस्टवर शेजारी शेजारी एक १२चा आणि एक १३चा बसलेला असू शकतो. वाकून, हात आडवा घालून, संध्याकाळच्या उजेडात तुम्ही १२च्या नटाला १३चं तोंड लावलंत. ते बसल्यासारखं वाटतं, थोडं डुलतं, आणि जोर लावला की नटाचे कोपरे खाऊन सुटतं. नट गोल झालाय का बघा. झाला असेल तर दोष तुमच्या खानदानाचा नाही, एका मिलिमीटरचा आहे.

यावर उपाय: गंजलेल्या नटाला उघड्या तोंडाचा पाना पहिला लावायचाच नाही. रिंग पाना किंवा सहा कोनांचा सॉकेट लावायचा, म्हणजे तो नटाला सगळीकडून धरतो. एकशे कितीतरी नगांचा तो चकचकीत संच घरी पंखा दुरुस्त करायला ठेवा. १०, १२, १३, १४, १७ आणि १९ हे सहा रिंग पाने चांगल्यातले घ्या. नाशिकला बनणारे टपारियाचे असले तरी पुष्कळ झालं. सोबत तेवढेच सॉकेट. तुमच्या इंजिनाचं नव्वद टक्के काम एवढ्यात होतं.

आणि आता ती गोष्ट, जी मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक पोराला सांगितली. माझे समोरचे वरचे दोन दात खोटे आहेत. पंपाचा एक नट हलत नव्हता, म्हणून मी पान्याला हातभर पाईप लावला. पाईप लावू नये हे मी स्वतः त्याच आठवड्यात दुसऱ्याला सांगितलं होतं. पाना आपल्याकडे ओढावा, ढकलू नये, हा नियम मला पाठ होता. ढकलला आणि सुटला तर पेरं लोखंडावर आपटतात, तुमची आपटली तशी. मी नियमाप्रमाणे ओढला. फक्त ओढत होतो सरळ तोंडाच्या रेषेत. नट सुटला, पाईप आला, आणि पुढचं बंदर येईपर्यंत मी पेज पीत होतो. तेव्हापासून प्रत्येक नटाला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारतो, अजूनही, घरातला नळ बदलतानाही: हा आत्ता सुटला तर माझा हात कुठे जाईल? उत्तरात धारदार पत्रा, गरम नळी, बॅटरी किंवा स्वतःचं थोबाड आलं, तर बसायची जागा बदलायची. जागाच नसेल आणि ढकलावंच लागलं, तर मूठ वळायची नाही. पंजा उघडा ठेवून तळव्याने ढकलायचं.

जाम नटाला जोर कमी आणि वेळ जास्त द्यावा लागतो. गंज सोडवणारं तेल आज मारा, उद्या परत मारा. परवा पान्यावर हलकेच दोन टोले द्या आणि सोडवण्याआधी किंचित आवळून बघा. ‘कट्’ असा बारीक आवाज आला की तो तुमचा झाला. यार्डात कोणी ब्लोलँप (ज्योत मारणारा दिवा) घेऊन मदतीला आलं, तर चहा पाजून परत पाठवा. बोटीच्या तळाशी चाळीस वर्षांचं डिझेल आणि ऑइल मुरलेलं असतं.

मिस्त्रीकडे वळू. तीस वर्षं त्याला काही झालं नाही, असं तुम्ही लिहिता. त्याची बोटं मोजलीत का? मी हे टोचून विचारत नाही. माझ्या ओळखीच्या एका बंदरात इंजिनाचं काम करणारा एक उत्तम मिस्त्री आहे. त्याच्या उजव्या करंगळीचं वरचं पेर नाही, आणि हे मला त्याच्या शेजारी बसून तिसऱ्यांदा चहा पिताना दिसलं, कारण तो कप डाव्या हाताने धरतो. त्याचा थोरला भाऊ याच धंद्यात होता. छिन्नीचा कण डोळ्यात गेला आणि आता तो घरी जाळी विणतो. धक्क्यावर आपल्याला जे टिकले तेवढेच दिसतात. ज्यांचा डोळा गेला ते धक्क्यावर नसतात, म्हणून हे काम अनवाणी आणि उघड्या डोळ्यांनी होतं असा आपला समज होतो.

पण थांबा, मिस्त्रीचं सगळंच चूक नाही. तो हातमोजे घालत नाही हे तुम्हाला बेफिकिरी वाटली असेल. इंजिन चालू असताना पट्टा आणि पुलीजवळ हातमोजा घालणं हाच मूर्खपणा आहे. पट्टा मोजा पकडतो आणि मोज्यात हात असतो. गळ्यातली चेन, जानवं, मनगटातला गंडा, शर्टाची लोंबती बाही, खांद्यावरचा पंचा, कोणी बाई काम करत असेल तर ओढणी आणि मोकळे केस, सगळं त्याच जातीचं. हातमोजे घालायचे ते बंद इंजिनावर, पत्रा किंवा गंज हाताळताना. मिस्त्रीची आणखी एक सवय बघून ठेवा: आत हात घालण्याआधी तो वर बघून ओरडतो, ‘किल्लीला कोण आहे?’ ती सवय त्याच्या अनवाणी पायांपेक्षा कितीतरी मोलाची आहे.

बॅटरीबद्दल एक गैरसमज जवळपास सगळ्यांचा असतो, की १२ व्होल्ट काय करणार. शॉक बसत नाही हे खरं. पण स्टार्टरला फिरवणारी बॅटरी शॉर्ट झाली की क्षणात शेकडो अँपिअर सोडते, आणि त्या वाटेत पाना असेल तर पाना, अंगठी असेल तर अंगठी तापते. तुमची वाट कोणती होती ते बघा. इंजिनाचं सगळं धड निगेटिव्हला जोडलेलं असतं. तुम्ही आधी पॉझिटिव्ह सोडवायला गेलात, पान्याचं एक टोक पॉझिटिव्हवर आणि दुसरं इंजिनाला टेकलं, म्हणजे तुम्हीच तार झालात. आधी निगेटिव्ह काढला असता, तर तोच पाना तिथेच टेकून काही झालं नसतं. काढताना निगेटिव्ह पहिला, लावताना निगेटिव्ह शेवटचा. बॅटरीच्या झाकणावर रंगाने लिहून ठेवा. मुख्य स्विच बंद केला म्हणजे झालं असंही नाही, कारण बॅटरीची टोकं आणि स्विचपर्यंतची वायर जिवंतच राहते. चार्जिंग नुकतं झालं असेल तर झाकण उघडून जरा वारा जाऊ द्या. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत चार टक्के झाला तरी ठिणगीने पेटतो. तुमची ठिणगी उडाली तेव्हा तो तिथे नव्हता, हे तुमचं नशीब. पुष्कराजाचं श्रेय द्यायचं तर द्या.

आता ‘करू की देऊ’. माझं उत्तर: पाण्याची वाट तुमची, डिझेलच्या दाबाची आणि हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) आतली वाट मिस्त्रीची.

वीस मिनिटांत भोंगा वाजणारं इंजिन बहुतेक वेळा आतून बिघडलेलं नसतं, त्याला पाणी पुरत नसतं. तुमच्या इंजिनात समुद्राचंच पाणी फिरतं. ते फार तापलं तर मीठ आतल्या भिंतींवर बसतं, म्हणून अशा इंजिनाचा थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडणारी झडप) ४२ अंशांनाच उघडायला लागतो. गोड्या पाण्यावरच्या इंजिनाचा ७० अंशांच्या वर उघडतो. मधल्या कुठल्या मालकाने ‘मिळाला तो’ थर्मोस्टॅट बसवला असेल, तर वर्षानुवर्षं मीठ साचत आलं असेल. तो काढून चहाच्या पातेल्यात थर्मामीटर ठेवून तपासता येतो. पातेलं मात्र नंतर घरात वापरायचं नाही, यावर आमच्या घरी एकदा बरंच झालेलं आहे. त्याआधी पाणी आत येतं तो तळातला कॉक आणि त्याची गाळणी बघा; शेवाळ, शंख, प्लॅस्टिकची पिशवी यांनीच निम्मी इंजिनं तापतात. मग पंपाचं झाकण उघडून रबरी इंपेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) बघा. पाती मोजा. एखादं तुटलं असेल तर नवा इंपेलर घालून भागत नाही, तुटका तुकडा पुढच्या नळीत कुठेतरी वाट अडवून बसलेला असतो. तो सापडेपर्यंत शोधायचा.

आणि तुम्ही ज्याच्या नटाशी झटलात तो एक्झॉस्टचा एल्बो (धुराची वाकडी नळी), माझा खरा संशय त्याच्यावर आहे. इंजिनातून तापून आलेलं खारं पाणी तिथे धुरात मिसळतं. एकीकडून काजळी, दुसरीकडून मीठ, दोन्ही मिळून सिमेंटसारखं घट्ट होतं आणि आतलं भोक पेन्सिलीएवढं उरतं. तो काढून बाहेर बाकावर, व्हाइसमध्ये धरून, चष्मा लावून खरवडा. आतून पत्र्यासारखा पातळ झाला असेल तर नवा घ्या, वेल्डिंगच्या नादी लागू नका. यार्डात कोणीतरी संडासचं ॲसिड ओतायचा सल्ला देणारच. ते मिठाबरोबर इंजिनही खातं आणि बंद जागेत जो वायू सुटतो तो वेगळाच.

हे सगळं तुम्ही करू शकता. हेड खोलणं, व्हॉल्व्ह, इंजेक्शन पंप हे मिस्त्रीला द्या. तेही लगेच मिळेल असं समजू नका. १ जून ते ३१ जुलै इंजिनाच्या बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे बंदरातला प्रत्येक मिस्त्री या दिवसांत कुठल्यातरी बोटीच्या इंजिनात डोकं घालून बसलेला असतो. नारळी पौर्णिमा तोंडावर असताना तुमच्या ९ हॉर्सपॉवरला कोण विचारतो? म्हणून त्याला असं सांगा: दोन सकाळी ये, पूर्ण मजुरी घे, पण हात माझे चालतील, तू शेजारी बसून सांग. पाना निसटण्याआधी नट कसा ‘लागतो’ हे व्हिडिओत कळत नाही, ते त्याच्या शेजारी कळतं. तो हसेल. हसू दे. यार्डातली पोरंही हसतील, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यातलाच एक तुम्हाला टॉर्च धरून देईल.

कारण माझी खरी अट तीच आहे, दुसरा माणूस. बोटीवर एकट्याने इंजिनाचं काम करायचं नाही. भागीदारांपैकी एकाला काहीही काम न देता नुसतं वर पुस्तक वाचत बसवा. तुम्ही इंजिनाच्या खोबणीत उलटे लटकलेले असताना पाय अडकला, डोळ्यात काही गेलं किंवा धुराने डोकं गरगरलं, तर त्याने किल्ली बंद करून तुम्हाला बाहेर ओढायचं, एवढंच त्याचं काम. आग विझवायचा सिलिंडरही त्याच्या हाताशी हवा. इंजिनाच्या कप्प्यात असेल तर आग लागल्यावर तिथपर्यंत जाता येत नाही. अंधार पडायच्या तासभर आधी काम थांबवायचं, नट अर्धा सुटलेला असला तरी. तो सकाळपर्यंत कुठे जात नाही.

यार्डात बोट जमिनीवर असताना इंजिन सुरू करून बघावंसं वाटेल. इंपेलर कोरडा फिरला की मिनिटा-दोन मिनिटांत जळतो, म्हणून पाणी ओढायची नळी गोड्या पाण्याच्या बादलीत सोडा आणि बादली भरत राहायला माणूस ठेवा. गिअर न्यूट्रलला, आणि बोटीच्या मागच्या पंख्याजवळ कोणी नाही हे खाली उतरून बघा. पुढे पाण्यात असताना इंजिन धरत नसेल आणि तुम्ही स्टार्टर मारत राहिलात, तर तळातला कॉक बंद करा, नाहीतर पंप सायलेन्सरमध्ये पाणी भरत राहतो आणि ते उलटं सिलिंडरमध्ये येतं. पाणी दाबलं जात नाही. मग पिस्टनचा दांडा वाकतो. इंजिन धरलं की कॉक लगेच उघडायचा, हे ओरडून आठवण करून देणं हे त्या पुस्तकवाल्याचं दुसरं काम. हवेच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरायची युक्ती कोणी सुचवली तर ऐकू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते आणि तिला फक्त एक ठिणगी हवी असते.

हँडल मारून सुरू करायची वेळ आली तर अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा, हँडलला विळखा घालून नाही. आमच्या विहिरीवर ऑइल इंजिन होतं. वडील आधी मुठीकडे बघायचे, मगच डिकॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधला दाब सोडून ठेवणारा) खटका मला पाडू द्यायचे. उलटा झटका आला की हँडल हातातून निघून जायला हवं, अंगठा घेऊन नाही.

एल्बोसाठी ग्राइंडर लागला तर गार्ड काढलेला ग्राइंडर यार्डात सहज मिळेल. घेऊ नका. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे मारतो, आणि चकती फुटली की तिचे तुकडे गार्डला भेटतात किंवा तुम्हाला. पावसाळ्यात ओल्या चिखलातून दोन तारांची एक्स्टेन्शन ओढून २३० व्होल्टचा दिवा बोटीत नेऊ नका. डोक्याला बांधायची बॅटरी पुरते. यार्डाच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की आपोआप बंद होणारा स्विच) आहे का हे विचारायला लाज नको. आणि त्या तीन टाक्यांच्या वेळी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंत ना? गेल्या काही वर्षांत घेतलेलं नसेल तर आज डॉक्टरांना विचारा.

आता घर. गाडीच्या दाराने पेरावर सहसा तीन टाके पडत नाहीत, दारात बोट सापडलं तर बहुधा नख काळं होतं. तुमच्या पत्नींना हे कळलं नसेल असं मला वाटत नाही. त्या विचारत नाहीत, एवढंच. ‘परत काही झालं तर बोट विकायची’ हे त्या म्हणाल्या ती संध्याकाळ आठवा. तुम्ही समुद्रात बंद पडलेल्या इंजिनावर होतात आणि त्या घरी फोन हातात घेऊन बसल्या होत्या. ती धमकी बोटीला असेलही, पण मला ती ‘मला काही कळत नाही, तू कुठे आहेस’ अशी ऐकू येते. आणि तुम्ही केलंत काय, तर नेमकं तेच वाढवलंत. जाऊन सांगा. टाके पाना निसटून पडले, अंगठीखाली भाजलंय, आणि दोन्ही वेळा मी एकटा होतो हे सांगा. ‘आता काही होणार नाही’ असं वचन देऊ नका, ते कोणालाच देता येत नाही. काय बदललंय ते सांगा: सकाळची वेळ, सोबत कोण, त्याचा फोन नंबर, आणि हेड मिस्त्रीकडे. त्यावरही त्या विकायचं म्हणाल्या, तर त्या बोलण्यात त्यांचा वाटा तुमच्याइतकाच आहे, आणि तेव्हा मला परत लिहा. त्या वेळी पत्र इंजिनाचं नसेल.

जाता जाता घरातला जुना मसाल्याचा डबा मागून घ्या, चोरू नका. सात वाट्यांमध्ये सात ठिकाणचे नट-बोल्ट राहतात, वर झाकण बसतं, आणि तो १३चा आगंतुक बोल्ट कुठला होता हे जोडताना कळतं. खोलण्याआधी प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढाच.

राहिली अंगठी. सोनं विजेचं उत्तम वाहक आहे आणि त्यात पुष्कराज बसवल्याने फरक पडत नाही. शिवाय निसटताना अंगठी बोल्टला अडकली तर ती बोटावरून एकटी येत नाही, बोटाची कातडी घेऊन येते. आईंना फोन करून विचारा. अंगठी हवी की तर्जनी, असं मुलाने सरळ विचारल्यावर अंगठी म्हणणारी आई मी अजून पाहिलेली नाही. वयाने सांधा जाड झाला असेल तर ती घरीच, रात्री, साबण लावून काढून बघा, यार्डात ऐनवेळी नको. कामाच्या दिवशी एक छोटी डबी न्या. इंजिनाची किल्ली काढा, अंगठी आणि किल्ली दोन्ही त्या डबीत टाका, डबी खिशात. तुमचा हात आत असताना ज्याला इंजिन सुरू करायची हुक्की येईल, त्याला किल्लीसाठी आधी तुमच्याकडे यावं लागेल. आणि काम संपवून किल्ली परत लावायला डबी उघडाल, तेव्हा अंगठीही हाताला लागेल.